रिमोटवरच्या इलेक्ट्रिक बोटीचा वेग कसा वाढवावा

बाजारात तयार मिळणाऱ्या साधारण ४५ सेंटिमीटर लांबीच्या रिमोट कंट्रोल बोटींना बहुधा व्ही आकाराचा प्लास्टिकचा तळ, ब्रश असलेली साधी मोटर आणि ७.४ व्होल्टची बॅटरी असते. अशी बोट हातात बसली की तिचा वेग अपुरा वाटू लागतो आणि सर्वांत आधी मोठ्या मोटरचा विचार मनात येतो. माझ्या मते मोटरची पाळी शेवटी यावी. पाण्यातला हिशेब फार कठोर असतो. पंखा (प्रोपेलर) फिरवायला लागणारी शक्ती स्थूलमानाने फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तोच पंखा १० टक्के अधिक वेगाने फिरवायचा तर सुमारे ३३ टक्के अधिक शक्ती लागते. आणि त्याच घाटाचा, पण व्यासाने १० टक्के मोठा पंखा तेवढ्याच फेऱ्यांनी फिरवायचा तर सुमारे ६१ टक्के. ही सगळी वाढीव शक्ती बॅटरीतून ओढली जाते आणि तिचा एक हिस्सा वाटेतच उष्णता होऊन जातो. म्हणून आधी तळ, वजन आणि शाफ्ट (मोटरची गती पंख्यापर्यंत नेणारा दांडा) यांत वाया जाणारी शक्ती वाचवावी, मग पंखा पाहावा आणि त्यानंतरच मोटर, स्पीड कंट्रोलर (मोटरला जाणारी वीज कमीजास्त करणारे सर्किट) व बॅटरी यांवर पैसे घालावेत.

आधी मोजमाप

काठावरून पाहून वेगाचा अंदाज कधीच बरोबर येत नाही. लहान बोट असते त्यापेक्षा बरीच वेगवान भासते. वेग नोंदवणारे छोटे जीपीएस उपकरण प्लास्टिकच्या झिपवाल्या पिशवीत घालून झाकणाखाली चिकटवावे, बोट वाऱ्याच्या दिशेने आणि वाऱ्याविरुद्ध अशी दोन्ही बाजूंनी सरळ पळवावी आणि दोन्ही आकड्यांची सरासरी घ्यावी.

विजेचा वापर मोजण्यासाठी बोटीत वेगळे मीटर बसवण्याची गरज नाही. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी घेऊन बोट बरोबर ३ मिनिटे चालवावी आणि नंतर ती पुन्हा पूर्ण भरताना चार्जरने किती मिलिअँपिअर-तास आत घातले ते पाहावे. समजा तो आकडा १,५०० आला, तर दीड अँपिअर-तास भागिले तासाचा विसावा भाग, म्हणजे सरासरी ३० अँपिअर प्रवाह वाहिला. बोट जागेवरून उसळी घेते त्या क्षणी तो याहून कितीतरी अधिक असतो, हे मात्र लक्षात ठेवावे. प्रत्येक फेरीनंतर मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी यांचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहून वहीत लिहावे. एका वेळी एकच बदल करावा. पंखा आणि बॅटरी एकाच दिवशी बदलली तर फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही.

तळ आणि वजन

वेगात असलेली बोट पाण्यातून जात नाही, पाण्यावर चढून घसरते, आणि त्या वेळी तळाचा केवळ मागचा भाग पाण्याला टेकलेला असतो. सर्व कारागिरी तिथेच करायची आहे. बोट उलटी करून तळाच्या मागच्या एक तृतीयांश भागावर, लांबीच्या दिशेने, स्टीलची पट्टी उभी धरावी आणि पलीकडून टॉर्चचा उजेड पाडावा. मागच्या कडेजवळ पट्टीखालून उजेडाची फट दिसली आणि तिथे खळगा निघाला, तर पाणी शेपूट वर उचलते, नाक खाली दाबले जाते आणि तळ अधिक भिजतो. उलट तो भाग फुगीर असेल तर शेपूट खाली ओढले जाते आणि बोट वेगात नाक उडवत धावते. खळगा इपॉक्सी पुट्टीने भरून आणि फुगवटा घासून हा भाग सरळ करावा. ४०० आणि नंतर ६०० नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात भिजवून वापरावा. आरशासारखी चकाकी आणण्यात वेळ घालवू नये, त्याचा फायदा नगण्य आहे.

खरा फायदा आहे तो मागच्या कडेत. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकच्या बोटीची तळ आणि मागची भिंत जिथे मिळतात ती कड गोलसर असते. पाणी तिथून सुटण्याऐवजी कडेला धरून वर चढते आणि बोटीला मागे ओढत राहते. ही कड धारदार करण्याची युक्ती सोपी आहे. मागच्या भिंतीवर पॉलिशपेपर मारून ती खरखरीत करावी, तिच्यावर चिकटपट्टी अशी लावावी की पट्टीची कड तळाच्या पातळीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर वर राहील, बोट उलटी व समतल ठेवून त्या बांधाच्या आत इपॉक्सी ओतावे आणि रात्रभर सुकू द्यावे. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेल्या पॉलिशपेपरने घासले की काटकोनी, स्वच्छ कड मिळते. तळावरच्या लांबट पट्ट्यांच्या कडांनाही हीच गोष्ट लागू आहे.

गुरुत्वमध्य बॅटरीसह सर्व सामान आत ठेवूनच तपासावा. व्ही आकाराच्या तळासाठी तो मागच्या भिंतीपासून लांबीच्या सुमारे ३० टक्के अंतरावर असावा, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या बोटीत साधारण साडेतेरा सेंटिमीटरवर. दोन बोटांवर बोट तोलून ही जागा सापडते. बॅटरी व्हेल्क्रोच्या पट्टीवर बसवली तर ती अर्धा-अर्धा सेंटिमीटर पुढेमागे करून पाहता येते, आणि या फुकटच्या बदलाने पडणारा फरक पाहून अनेकांना आश्चर्य वाटते.

शाफ्ट आणि पंखा

बॅटरी काढून पंखा हाताने फिरवावा. तो एखाद्या ठिकाणी अडकत असेल किंवा घरघर येत असेल, तर मोटर आणि शाफ्ट एका रेषेत नाहीत असे समजावे. मोटरचे स्क्रू सैल करून, कपलर (मोटर आणि शाफ्ट यांना जोडणारा भाग) जोडलेल्या अवस्थेत शाफ्ट अगदी मोकळा फिरेल अशी जागा शोधावी आणि तिथेच स्क्रू आवळावेत. लवचिक तारेचा शाफ्ट असेल तर मागच्या बेअरिंग आणि पंख्याला धरून ठेवणारा भाग यांच्यामध्ये दोन ते तीन मिलिमीटर फट ठेवणे आवश्यक आहे. जोर पडताच ती तार पिळली जाते आणि किंचित आखूड होते; फट नसेल तर बेअरिंगवर घासून शक्ती जाते आणि कधी बेअरिंगही जाते.

पंख्याचा व्यास आणि पिच हे दोनच आकडे महत्त्वाचे आहेत. पिच म्हणजे एका फेरीत पंखा तत्त्वतः किती पुढे जाईल ते अंतर. ऑक्ट्युरा कंपनीच्या पंख्यांच्या नावातच हे आकडे असतात: एक्स ४३२ म्हणजे व्यास ३२ मिलिमीटर आणि पिच व्यासाच्या १.४ पट, अर्थात ४४.८ मिलिमीटर. हा पंखा पाण्यात मिनिटाला २२,००० फेऱ्या करत असेल तर एका मिनिटात सुमारे ९८६ मीटर, म्हणजे तासाला ५९ किलोमीटर. पंखा पाण्यात थोडा घसरतोच. त्यासाठी २० टक्के वजा केले की प्रत्यक्षात ४७ किलोमीटरच्या आसपास वेग अपेक्षित धरावा. आपला जीपीएसचा आकडा या हिशेबापेक्षा फारच कमी येत असेल तर दोष तळात, शाफ्टमध्ये किंवा पंख्याच्या उंचीत शोधावा.

बोटीबरोबर आलेला प्लास्टिकचा पंखा जोर वाढताच वाकतो, म्हणून धातूचा पंखा ही पहिली योग्य खरेदी ठरते. तोही आला तसा बसवू नये. चुंबकावर तरंगणाऱ्या बॅलन्सरवर ठेवला की जड पाते खाली येते. त्या पात्याच्या बोटीकडे असलेल्या बाजूवरून थोडे थोडे घासून दोन्ही पाती सारखी करावीत आणि मग पुढची कड धारदार करावी. येथे एक गंभीर सूचना आहे: यांतले बरेच पंखे बेरिलियम-तांब्याचे असतात आणि त्यांची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. अशा पंख्यावर ग्राइंडर चालवू नये. मास्क लावून, पाण्यात ओला ठेवूनच हाताने घासावा आणि ओले फडके व पॉलिशपेपर पिशवीत बांधून फेकून द्यावा. घरात लहान मुले असतील तर अॅल्युमिनियमचा पंखा घेणे शहाणपणाचे.

मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी

एवढे करूनही वेग कमी वाटत असेल तर ब्रशलेस मोटरकडे वळावे. त्याआधी बोटीचे झाकण उघडून पाहावे. स्वस्त बोटींमध्ये रिसीव्हर आणि स्पीड कंट्रोलर एकाच सर्किटवर असतात आणि सुकाणूच्या सर्व्होला (सुकाणू वळवणाऱ्या छोट्या मोटरला) पाच तारा असतात. तसे असेल तर नुसती मोटर बदलून भागत नाही. वेगळा रिमोट व रिसीव्हर, तीन तारांचा साधा सर्व्हो आणि पाण्याने थंड होणारा कंट्रोलर असा सगळा संच घ्यावा लागतो. हा खर्च बोटीच्या मूळ किमतीच्या पुढे सहज जातो, याचा विचार आधीच केलेला बरा.

मोटरच्या केव्ही या आकड्याला, म्हणजे एका व्होल्टमागे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना, व्होल्टने गुणले की भार नसतानाच्या फेऱ्या मिळतात. २,५०० केव्हीची मोटर तीन सेलच्या, म्हणजे ११.१ व्होल्टच्या लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीवर २७,७५० फेऱ्या करेल आणि पाण्यात त्यातल्या सुमारे ८० टक्के उरतील. वर धरलेल्या २२,००० फेऱ्या तिथूनच आल्या. या आकाराच्या बोटीसाठी २८ मिलिमीटर व्यासाची आणि ४५ मिलिमीटर लांबीची मोटर पुरेशी होते. बोटीत जागा असेल तर चार सेलवर कमी केव्हीची मोटर मला अधिक पसंत आहे. १४.८ व्होल्टवर १,९०० केव्हीची मोटर जवळपास तेवढ्याच फेऱ्या देते, परंतु ५०० वॉटसाठी ४५ ऐवजी ३४ अँपिअर पुरतात, आणि तारांत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती ४० टक्क्यांहून अधिक घटते. बॅटरीचे वाढणारे वजन मात्र गुरुत्वमध्यात धरावे.

कंट्रोलर मोजलेल्या सरासरी प्रवाहाच्या किमान दुप्पट क्षमतेचा असावा. बॅटरीवरचा सी आकडा, म्हणजे क्षमतेच्या किती पट प्रवाह ती देऊ शकते तो आकडा, उदार मनाने छापलेला असतो. ३,००० मिलिअँपिअर-तासांची ४० सीची बॅटरी कागदावर १२० अँपिअर देते, पण हिशेबात त्याच्या निम्मेच धरावेत. बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंतच्या तारा आखूड ठेवाव्यात, कारण त्या लांबल्या की कंट्रोलरमधले कॅपॅसिटर तापून निकामी होतात. अंतर भरून काढायचेच असेल तर कंट्रोलर ते मोटर या तीन तारा लांबवाव्यात. ६० अँपिअरपर्यंत एक्सटी ६० आणि त्यापुढे एक्सटी ९० कनेक्टर वापरावा. मोटर उलटी फिरली तर त्या तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करावी.

थंड करणाऱ्या पाण्याची सिलिकॉन नळी आधी कंट्रोलरमधून आणि मग मोटरच्या जॅकेटमधून (मोटरभोवतीच्या पाणी खेळवणाऱ्या आवरणातून) न्यावी. पाणी बाहेर पडण्याचे भोक बोटीच्या बाजूला, काठावरून दिसेल असे ठेवावे. बोट धावत असताना तिथून धार येत नसेल तर लगेच परत बोलवावे.

पाण्यावर

पाण्यात सोडण्याआधी रिमोट बंद करून पाहावा, म्हणजे सिग्नल तुटल्यावर मोटर थांबते की नाही ते कळते. थांबत नसेल तर रिसीव्हरचा फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर काय करायचे ते ठरवणारी सोय) शून्य थ्रॉटलवर, म्हणजे मोटर बंद राहील असा बसवावा. बोट पूर्ण भरली तरी तरंगेल एवढे थर्मोकोल नाकात कोंबावे आणि झाकणाच्या कडेने चिकटपट्टी फिरवावी.

जागा निवडताना जलपर्णी आणि शेवाळ टाळावे. पंख्यात एक तंतू गुंतला तरी प्रवाह एकदम वाढतो आणि कंट्रोलर जळू शकतो. आपल्याकडे त्या दृष्टीने शेततळे उत्तम, पाणी स्थिर आणि स्वच्छ. परंतु शेततळ्याचा प्लास्टिकचा उतार ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही आणि आत गेलेल्या माणसाला वर चढता येत नाही, पोहता येत असले तरीही. बंद पडलेली बोट आणण्यासाठी कुणीही, कोणत्याही कारणाने आत उतरू नये. मासेमारीच्या गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून तो बोटीपलीकडे फेकावा आणि दोरीने बोट ओढून आणावी. मालकाची परवानगी अर्थातच आधी घ्यावी.

पहिली फेरी एका मिनिटाचीच करावी. मोटर ७० अंश सेल्सिअसच्या किंवा बॅटरी ५० च्या वर जात असेल तर पंखा एक-दोन मिलिमीटरने लहान करावा. बोट नाक उडवत असेल तर बॅटरी थोडी पुढे सरकवावी किंवा मागच्या ट्रिम पट्ट्या (मागच्या भिंतीवरच्या, वाकवता येणाऱ्या छोट्या पट्ट्या) केसभर खाली वाकवाव्यात. ती डावीउजवीकडे डोलत असेल तर दोन्ही बाजूंच्या पट्ट्या सारख्या आहेत का ते आधी पाहावे, आणि मग शाफ्टचा आधार, म्हणजे स्ट्रट, अर्धा मिलिमीटर वर घ्यावा. स्ट्रट वर जाईल तसा पंख्याचा अधिक भाग हवेत राहतो आणि ओढ कमी होते, पण फार वर गेला की वळणावर पंख्याची पकड सुटते.

बॅटरी प्रति सेल ३.५ व्होल्टच्या आसपास आली की थांबावे. ३ व्होल्टच्या खाली गेलेला सेल पूर्वीसारखा राहत नाही, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा कधीही चार्ज करू नये. घरी आल्यावर प्रति सेल ३.८ व्होल्टवर आणून ती न जळणाऱ्या पिशवीत ठेवावी. शाफ्ट मात्र त्याच संध्याकाळी बाहेर काढावा, कोरड्या फडक्याने पुसावा, नळीत साचलेले पाणी आणि काळपट झालेले ग्रीस काढून टाकावे आणि नवे मरीन ग्रीस लावूनच आत घालावा.