गुलाब म्हणजे चकली नव्हे: पेन्सिल आणि पेनाने पहिला गुलाब काढताना

गुलाब काढायचा म्हटलं की हात आपोआप मधोमध एक वेटोळं काढतो आणि बाहेर बाहेर फिरत जातो. फूल पुरं होतं तेव्हा कागदावर चकली असते, तिला देठ आणि दोन पानं जोडलेली. यात हाताचा दोष नाही. वेटोळं ही एकच अखंड रेघ असते, आणि गुलाबात अखंड रेघ कुठेच नसते. तिथे सुट्या पाकळ्या असतात आणि प्रत्येक पाकळी कुणाच्या तरी मागे गेलेली असते. म्हणून गुलाब शिकताना पहिल्यापासून एकच गोष्ट बघायची: ही रेघ कुठे जाऊन थांबते? मागच्या पाकळीची रेघ समोरच्या पाकळीच्या कडेला येऊन टेकते आणि तिथेच संपते. इंग्रजी टी अक्षरासारखा सांधा तयार होतो. असे सांधे नीट जमले की छायांकनाशिवायही फूल फुलासारखं दिसतं. ते चुकले, तर ६बीची, म्हणजे खूप मऊ आणि गडद शिशाची, अख्खी पेन्सिल घासली तरी उपयोग होत नाही.

सामान थोडंच लागतं. कच्च्या आखणीला एचबी, छायांकनाला २बी आणि ४बी, अशा तीन पेन्सिली पुरतात. आखणीसाठी २एच घ्यायचा सल्ला पुष्कळदा मिळतो, पण नवख्या हाताचा दाब जास्त असतो, आणि कडक शिसं कागदात चर पाडतं. रेघ खोडली तरी चर राहतो आणि नंतर छायांकन करताना तो पांढऱ्या ओरखड्यासारखा वर येतो. त्यापेक्षा एचबी लांबून, शिशापासून पाच-सहा सेंटीमीटर मागे धरावी; दाब आपोआप कमी होतो. कागद १२० ते १५० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचा) कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद, घ्या. झेरॉक्सचा ७० जीएसएमचा कागद पेन्सिलीच्या सरावाला चालतो, पण शाईची रेघ त्यावर फुटते आणि दोनदा खोडलं की त्याचे तंतू वर येतात. पेनासाठी ०.१ आणि ०.५ मिलिमीटर टोकाचे असे दोन जलरोधक शाईचे ड्रॉइंग पेन उत्तम. ते नसतील तर ०.५चा काळा जेल पेन घ्या. बॉलपेनही वाईट नाही, कारण दाब कमी-जास्त केला की त्याची रेघ फिकी-गडद होते. फक्त दर दोन मिनिटांनी टोकावरचा शाईचा गोळा फडक्याला पुसायचा, नाहीतर ऐन मोक्याच्या जागी ठिपका पडतो.

आता फूल निवडू. देवाच्या हारात असतो तो गावठी गुलाब दिसायला गोड, पण पहिल्या चित्राला अवघड. त्याच्या पाकळ्या लहान, पुष्कळ आणि विस्कटलेल्या असतात, त्यामुळे कोण कुणाच्या मागे आहे ते कळत नाही. तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमधून येणारा लांब देठाचा डच गुलाब सोपा जातो. त्याचा मध्य उंच आणि घट्ट असतो, बाहेरच्या पाकळ्या रुंद आणि मोजक्या दिसतात. अर्धवट उमललेला घ्या. रंग मात्र लाल नको. गडद लाल फुलात सावली आणि रंग यांतला फरक डोळ्याला चटकन पकडता येत नाही; फिकट गुलाबी किंवा पांढऱ्या फुलात सावली स्वच्छ दिसते. लालच मिळाला तर मोबाइलवर त्याचा फोटो काढून कृष्णधवल करून शेजारी ठेवा.

फूल पाण्याच्या ग्लासात, डोळ्यांच्या थोडं खाली, हातभर अंतरावर ठेवायचं. अगदी वरून पाहिलं तर वेटोळंच दिसतं, अगदी समोरून पाहिलं तर फुलाचा नुसता पेल्यासारखा आकार. अधलामधला कोन धरला की हा पेलाही दिसतो आणि त्याचं तोंडही. दिवा किंवा खिडकी एकाच बाजूला, शक्यतो डावीकडे वर असावी. डावखुऱ्यांनी उजेड उजवीकडून घ्यावा, म्हणजे स्वतःच्या हाताची सावली चित्रावर पडत नाही. उबेत गुलाब तासाभरातही थोडा उघडतो, म्हणून मधला भाग आधी काढून घ्यायचा.

ए४ कागदावर फूल सहा-सात सेंटीमीटर उंचीचं धरा. नाण्याएवढ्या फुलात पाकळ्यांना जागाच उरत नाही. आधी देठाचा मधला कणा म्हणून एक फिकट रेघ ओढा, किंचित कललेली, आणि ती फुलाच्या आरपार न्या. देठ फुलाच्या एका कुशीला चिकटवल्यासारखा दिसण्याची चूक फार होते. ही आरपार रेघ ती टाळते. या कण्यावर सहा सेंटीमीटर उंच, पाच सेंटीमीटर रुंद असं अंडं बसवा, रुंद बाजू खाली. त्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात अडीच सेंटीमीटर रुंद आणि एक सेंटीमीटर उंच लंबवर्तुळ काढा. हे पेल्याचं तोंड. ते कण्याला काटकोनात हवं. फूल डावीकडे कललं असेल तर लंबवर्तुळही तेवढंच कलतं. कणा तिरका आणि तोंड आडवं सपाट ठेवलं की फुलाची मान मुरगळल्यासारखी वाटते.

तोंडाच्या आत, मधोमध नाही तर जरा मागच्या कडेकडे, तांदळाच्या दाण्याएवढा एक थेंब काढा. त्याला लगटून स्वल्पविरामासारखी एक रेघ, मग तिच्या मागून निघणारी दुसरी, मग तिसरी. प्रत्येक रेघ आधीच्या रेघेच्या पाठीमागून सुरू झाली पाहिजे. चार स्वल्पविराम झाले की थांबा. वेटोळ्याचा भास तेवढ्यानेच होतो आणि त्यापुढे चकली सुरू होते.

यानंतरच्या दोन पाकळ्या सगळ्यांत महत्त्वाच्या. अंगरख्याच्या दोन बाजू छातीवर एकावर एक येतात, तशा या येतात. डावी पाकळी तोंडाच्या डाव्या कडेपासून निघून समोरून तिरकी उजवीकडे खाली उतरते. उजवी पाकळी उलट दिशेने येते आणि डावीच्या खाली नाहीशी होते. उजवीची रेघ डावीच्या कडेला जिथे टेकते तिथे पेन्सिल उचला. पलीकडे ती पुन्हा दिसत नाही. समोर गळ्यासारखा एक तिरका कोन उरतो आणि त्यातून आतली गुंडाळी डोकावते. तोंडाच्या मागच्या बाजूला, लंबवर्तुळाच्या चार-पाच मिलिमीटर वर, एक पाठीमागची पाकळी काढा. तिची कड अर्धगोल नको. मधे हलकं टोक येऊ द्या. डच गुलाबाच्या पाकळीची कड मागे वळते आणि मधे निमुळती होते, गुलाबाची ओळख तिथेच पटते.

बाहेरच्या पाकळ्या तीन ते पाच. एक डावीकडे ओठंगलेली, एक उजवीकडे, एक समोर खाली झुकलेली. त्यांची मापं मुद्दाम वेगळी ठेवा. सगळ्या पाकळ्या सारख्या आणि सगळ्या कडा गोल, असं झालं की कोबी तयार होतो. खऱ्या फुलात तीस-चाळीस पाकळ्या असू शकतात, पण पहिल्या चित्रात नऊ ते अकरा दिसल्या तरी पुरे.

दुमड जमली की चित्रात जीव येतो, म्हणून ती जरा सावकाश शिकावी. पोळीची कड दुमडल्यावर तिची खालची बाजू वर दिसते, तसंच पाकळीचं होतं. आधी पाकळीची बाहेरची कड काढा. त्या कडेवर दोन बिंदू धरा, साधारण दोन सेंटीमीटर अंतरावर. एका बिंदूपासून आतल्या बाजूला झोक देत दुसऱ्या बिंदूपर्यंत दुसरी रेघ न्या. मधे चंद्रकोरीसारखा तुकडा मिळतो, रुंदीला फार तर चार मिलिमीटर. ही दुमडलेली कड. दोन्ही टोकांना ती निमुळती होऊन मूळ कडेत विरली पाहिजे. टोकं बोथट राहिली तर पाकळीवर पट्टी चिकटवल्यासारखं दिसतं. दुमड स्वतः उजळ असते आणि तिच्या लगेच खाली सावलीची बारीक रेघ असते. एवढी एक गडद रेघ दिली की दुमड कागदावरून उचलली जाते. प्रत्येक पाकळीला दुमड देऊ नका. अकरांत तीन-चार पुष्कळ.

फुलाखाली हरभऱ्याएवढी फुगीर गाठ असते. ती राहून गेली की फूल थेट काठीवर टोचल्यासारखं दिसतं. गाठीवरून पाच हिरवी निदलं, म्हणजे कळीला झाकणारी पानासारखी आवरणं, निघतात. फूल हातात उलटं धरून ती नीट पाहण्यासारखी असतात: दोन निदलांच्या दोन्ही कडांना बारीक फाटे असतात, दोघांना अजिबात नसतात, आणि पाचव्याला एकाच बाजूला असतात. कळी मिटलेली असताना ज्या कडा शेजारणीखाली झाकलेल्या होत्या त्यांना फाटे फुटले नाहीत, एवढंच कारण. काही जातींत फाटे अगदी पुसट असतात, तरी निदलं एकावर एक कशी रचली होती ते त्यावरून समजतं. चित्रात समोरची तीन दिसली तरी चालतात, दोन खाली वळलेली आणि एक फुलाला टेकलेलं.

पानांची चूक जवळजवळ ठरलेली: देठाला सुटं एकेक पान लावलं जातं. गुलाबाचं पान संयुक्त असतं. एका दांडीवर पाच किंवा सात पर्णिका, म्हणजे छोटी पानं, टोकाची बहुधा सर्वांत मोठी, बाकीच्या जोडीजोडीने. फुलाच्या अगदी जवळच्या पानात तीनच किंवा एकच पर्णिका असू शकते. कडा दातेरी असते आणि दाते पानाच्या टोकाकडे झुकलेले असतात. करवतीसारखे सरळ बाहेर काढले की पान गुलाबाचं राहत नाही. काटे बुडाशी रुंद, टोकाला किंचित खाली वळलेले. देठभर तीन पुरेत.

पेन्सिलीचं छायांकन करायच्या आधी आखणी खोडरबराने दाबून उचला, घासू नका. रेघ जेमतेम दिसेल एवढी राहू द्या. सर्वांत गडद जागा आधी ठरवायच्या: गुंडाळीतल्या फटी, दोन पाकळ्यांच्या सांध्याची खोबण, दुमडीखालची रेघ. तिथे ४बी. मग २बीने पाकळीच्या बुडापासून कडेकडे, पाकळी जशी वळते तशाच वळणाने रेघा ओढा आणि कड यायच्या आधी हात उचला. कडेपाशी कागद कोरा राहिला पाहिजे. बोटाने घासायचा मोह होतो. पण बोटाचं तेल कागदाला लागतं, ग्रॅफाइट डागाडागाने बसतं आणि नंतर खोडरबरानेही निघत नाही. मऊपणा हवाच असेल तर कापूस किंवा टिश्यू घ्या, आणि हाताखाली कायम एक कोरा कागद ठेवा.

पेनाचा स्वभाव वेगळा. खोडता येत नाही, म्हणून पेन्सिलीची आखणी पक्की करूनच पेन उचलायचा. सगळ्या फुलाभोवती सारख्या जाडीची काळी बाह्यरेषा फिरवली तर फूल रबरी शिक्क्यासारखं दिसतं. ०.१ने सुरुवात करा. उजेडाकडच्या कडेवर रेघ दोन-तीन मिलिमीटर तुटू द्या, डोळा ती स्वतः जोडतो. सावलीकडे आणि पाकळ्या एकमेकींखाली जातात त्या सांध्यांवर ०.५ फिरवा. सावलीसाठी तीनच पायऱ्या ठेवा: कोरा कागद, रेघांचा एक थर, त्यावर तिरका दुसरा थर. रेघांमध्ये साधारण एक मिलिमीटर अंतर. दुसरा थर पहिल्याला तीस-चाळीस अंशांत कापणारा असावा. काटकोनात कापला की जाळी दिसू लागते आणि पाकळीला खिडकीची जाळी शोभत नाही. रेघ बुडाशी टेकवून टोकाला उचलत संपवायची. मधे संशय आला तर थांबा, कारण आणखी एक थर नंतर केव्हाही देता येतो. उजव्या हाताने काढणाऱ्यांनी वर डावीकडून सुरुवात करावी, म्हणजे ओल्या शाईवर हात जात नाही. पेन्सिलीची आखणी खोडण्याआधी शाईला निदान पंधरा मिनिटं द्या. जेल पेनची शाई वरून कोरडी दिसते, पण जाड रेघेत ती आत ओली राहते आणि खोडरबराबरोबर ओढली जाऊन राखाडी पट्टा पडतो.

रोज अर्धा तास मिळत असेल तर पहिले तीन दिवस पूर्ण फूल काढूच नका. वेगवेगळ्या कलाची वीस लंबवर्तुळं, वीस दुमडी, आणि अंगरख्याच्या त्या दोन पाकळ्या दहा वेळा, एवढंच करा. चौथ्या दिवशी फूल. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीत असणाऱ्यांना याचा थेट उपयोग आहे. स्मरणचित्रात फुलवाली किंवा हार काढताना गुलाब न बघता काढावा लागतो, आणि संकल्पचित्रात तोच गुलाब सावल्या गाळून सपाट आकारांत बसवायचा असतो. रेघ कुठे थांबते हे हाताला माहीत असेल तर दोन्हीकडे निभतं.

ग्लासातलं फूल काही दिवसांत पाकळ्या टाकू लागतं. तेव्हा ते फेकू नका. गळलेली एक पाकळी कागदावर ठेवा: बुडाशी जाडसर, फिकट, जरा पिवळट, वर रुंद होत गेलेली, कडेला मधे टोक आणि दोन्ही बाजूंना मागे वळलेली. ती समोरून, पाठीमागून, कुशीवरून आणि उभी धरून, अशी चार वेळा काढा.