कुत्र्या-मांजराला श्वास घेता येईना, तर दवाखाना गाठेपर्यंत काय करावे

धाप लागलेल्या जनावराच्या तोंडात काहीही ओतू नका. दूध, ताक, तेल, ग्लुकोजचे पाणी, काहीच नाही. श्वासासाठी धडपडताना गिळणे जमत नाही. ओतलेले फुप्फुसात उतरते आणि मूळ दुखण्यातून सावरलेले जनावर पुढे न्यूमोनियाने दगावते. तोंडाला दोरी किंवा मुसकेही बांधू नका, कारण कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः तोंडावाटेच बाहेर टाकतो.

आधी काय बघायचे

स्वस्थ पडलेले कुत्रे मिनिटाला साधारण १० ते ३० श्वास घेते, मांजर १५ ते ३०. मोबाइलवर ३० सेकंद लावून छाती किती वेळा वर येते ते मोजा आणि दुप्पट करा. झोपेतही आकडा ३० च्या वर राहत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मग ओठ उचलून हिरडी पाहा. गुलाबी असेल तर ठीक. निळसर, जांभळी किंवा पांढरीफटक असेल तर लगेच निघा. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्याच असतात, त्यांची जीभ किंवा खालच्या पापणीची आतली बाजू बघावी. मान लांब करून, कोपरे बाहेर फाकवून बसलेले जनावर हवेसाठी झगडत असते. त्याला तसेच बसू द्या, कुशीवर पाडू नका.

मांजराची गोष्ट वेगळी. कुत्र्याने जीभ काढून धापा टाकणे रोजचे आहे, पण बसल्या जागी तोंड उघडून श्वास घेणारे मांजर कायम तातडीचे समजा. पकडापकडीच्या झटापटीतच ते जाऊ शकते. भाजीच्या जाळीदार क्रेटमध्ये ठेवा, वरून पातळ कापड टाका आणि निघा. ताप वाटला म्हणून पॅरासिटॅमॉल तर मुळीच देऊ नका. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते: रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासे होते आणि हिरड्या तपकिरी पडतात.

घशात काही अडकले असेल तर

थांबा, आधी पिसाळल्याची शंका घ्या. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, हे सगळे पाहून "हाड अडकलं" म्हणत लोक तोंडात हात घालतात. रेबीजमध्येही अगदी असेच दिसते. लस न घेतलेल्या किंवा ओळख नसलेल्या कुत्र्याच्या तोंडात हात नको. खरचटल्या जागी लाळ लागलीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा.

घरचे, लस घेतलेले कुत्रे असेल आणि जोरात खोकत असेल, तर खोकू द्या. तोच सर्वांत चांगला उपाय आहे. आवाजच फुटत नसेल, पंजाने तोंड ओरबाडत असेल, तर:

१. तोंड उघडून उजेडात बघा. दिसली तरच वस्तू काढा. आंधळेपणाने बोट घातले तर ती आणखी आत जाते. जिभेच्या मुळाशी कुत्र्याची स्वतःची हाडेही हाताला लागतात, ती ओढू नका. मांजराच्या जिभेखाली दोरा दिसला तरी ओढायचा नाही. दुसऱ्या टोकाला सुई असू शकते.

२. दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ थापा मारा. लहान जनावराचे डोके खाली राहील असे धरा.

३. मोठ्या कुत्र्याच्या मागे उभे राहून पोटाला मिठी घाला. बरगड्या संपतात तिथे, मऊ भागात मूठ ठेवून आत आणि पुढे असे ५ झटके द्या. मांजर किंवा पिल्लाची पाठ आपल्या छातीला टेकवून हेच दोन-तीन बोटांनी, हलक्या हाताने करा.

४. पुन्हा तोंडात बघा, आणि परत पहिल्यापासून.

मटणाच्या नळीचे गोल कडे खालच्या जबड्यात बसले की कुत्रे प्रचंड तडफडते, पण त्याचा श्वास चालू असतो. ते डॉक्टरांनाच कापू द्या.

उन्हाळ्यातली धाप

मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो. टिनाखाली बांधलेला कुत्रा, त्यातही चपट्या नाकाचा, आधी बळी पडतो. धापा थांबत नाहीत, लाळ चिकट तारेसारखी होते, जीभ लालभडक दिसते, चाल लडखडते. इथे क्रम उलटा: आधी थंड करा, मग न्या. निघेपर्यंत आणि वाटेतही पाणी चालू ठेवा.

पाणी विहिरीचे किंवा बोअरचे घ्या. दुपारी गच्चीवरच्या टाकीतले पाणी स्वतःच तापलेले असते. पोट, काखा, जांघा आणि पंजांवर ओतत राहा, केस बाजूला सारून कातडीपर्यंत पोहोचवा. नाकातोंडात जाऊ देऊ नका. ओली गोणी अंगावर टाकून ठेवली तर थोड्या वेळात ती गरम होऊन उष्णता कोंडते. कूलरच्या थेट वाऱ्यात ठेवायला हरकत नाही, पण खिडक्या उघड्या हव्यात. बंद खोलीत ओल साठली की अंगावरचे पाणी उडत नाही. गुदद्वारातला ताप १०३.५ फॅरनहाइटवर आला की पाणी थांबवा, नाहीतर अंग गरजेपेक्षा थंड पडते. निरोगी कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ असते.

फवारणीचे औषध आणि साप

पऱ्हाटीवर फवारणी सुरू असलेल्या वावरातून आलेले जनावर लाळ गाळते, थरथरते, पातळ हगते, छातीत घरघर आणि बाहुल्या टाचणीएवढ्या, तर ऑरगॅनोफॉस्फेट या प्रकारच्या कीटकनाशकाच्या विषाचा संशय घ्या. फुप्फुसात स्राव साचून श्वास कोंडतो. रबरी हातमोजे घालून अंग साबणाने धुवा, नाहीतर तुम्हालाही लागेल. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. औषधाची बाटली किंवा तिचे लेबल सोबत न्या. अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचे औषध किती द्यायचे ते डॉक्टर ठरवतील.

पावसाळ्यात मण्यार चावली तर सूज जवळपास येत नाही. मागचे पाय लुळे पडतात, पापण्या खाली येतात, आवाज बसतो, श्वास उथळ होत जातो. नागाच्या विषानेही श्वासाचे स्नायू असेच लुळे पडतात. दोर बांधू नका, चीर देऊ नका, मंत्र-झाडफुकीत वेळ घालवू नका. चालवू नका, उचलून न्या. प्रतिसर्पविष कुठे आहे ते निघण्याआधी फोनवर विचारा. अशा जनावराचा श्वास थांबला तरी हृदय बराच वेळ चालू असते, म्हणून वाटेत दिलेला कृत्रिम श्वास इथे खरोखर उपयोगी पडतो.

श्वास थांबला तर

हाक मारून, हलवूनही हालचाल नाही, श्वास नाही, तर कुशीवर झोपवा. जीभ पुढे ओढा, मान सरळ करा. पुढच्या पायाचे कोपर मागे वाकवल्यावर छातीवर जिथे टेकते, तिथे हाताने १० सेकंद ठोका तपासा.

ठोका असेल तर तोंड मिटून धरा आणि नाकावर पातळ कापड ठेवून छाती वर येईल इतकेच फुंका. दर ६ सेकंदांनी एक श्वास. ठोका नसेल किंवा शंका असेल तर दाब सुरू करा: मिनिटाला १०० ते १२०, छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते अर्धा खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. ३० दाब, २ श्वास. मांजराची छाती एका हाताच्या अंगठा-बोटांत धरून दाबावी. दर २ मिनिटांनी माणूस बदला. दमलेल्या हाताचा दाब उथळ पडतो. रेबीजची शंका असलेल्या जनावराला तोंड लावायचे नाही, फक्त दाब द्या.

१९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री क्रमांक लावा, पण गाडीची वाट बघत बसू नका. पोत्यात कोंबून दुचाकीवर नेऊ नका; मागे बसणाऱ्याने मांडीवर धरून मान मोकळी ठेवावी. ऑक्सिजन लागणार असेल तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला किंवा अकोल्याच्या पदव्युत्तर पशुवैद्यक संस्थेला आधी फोन करा. विहिरीतून काढलेले किंवा रानडुकरांसाठी तारेत सोडलेला करंट लागलेले जनावर उठून चालू लागले तरी त्याच दिवशी दाखवा: फुप्फुसात पाणी पुढच्या एक-दोन दिवसांतही भरू शकते. करंट लागलेल्याला हात लावण्याआधी पुरवठा बंद करायचा, हे मात्र विसरू नका.