दम लागायच्या आधी गाडी सांगा

कोविडच्या दोन्ही लाटांत मी रत्नागिरीत आयसीयूत सिस्टर होते. माहेर खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात. तिथून अजून फोन येतात, "ताई, खोकला थांबत नाही, आणू का?" त्यांना सांगते तेच लिहिते.

वय, साखर, किडनी, वजन यांवर पेशंट वाचण्याचं बरंच ठरतं, आणि ऐनवेळी त्यातलं काही बदलता येत नाही. उशीर तेवढा आपल्या हातात. आमच्या वाडीतले एक काका ओटीवर बसून गप्पा हाणत होते, सॅचुरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, 82 टक्के. या आजारात ऑक्सिजन उतरला तरी धाप लागतेच असं नाही. "सकाळच्या फेरीबोटीने नेऊ" म्हणत घरच्यांनी रात्र काढली. काका परतले नाहीत. रात्री तवसाळची बोट नसली तर रस्त्याने वळसा घ्या, पण निघा.

मेंदी, नेलपॉलिश नसलेल्या बोटाला ऑक्सिमीटर लावा. पावसात बोटं गारठली असतील तर चोळून गरम करा. बसून आकडा घ्या. 94 च्या खाली असेल तर चालवू नका, थेट आणा. नाहीतर खळ्यात सहा मिनिटं चालवा, साठीपुढच्यांना तीन पुरे. आकडा 94 च्या खाली गेला किंवा तीनाहून जास्त घसरला, की गाडी सांगा.

सोबत कागद हवा: ताप कुठल्या तारखेला आला, कुठल्या गोळ्या चालू, साखर किती, लस कधी घेतली. दारूही लिहा, कोणी ओरडत नाही.

स्टेरॉइड घरी सुरू करू नका. 2020 मधल्या ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही. उलट साखर भडकते. 2021 मध्ये काळी बुरशी अशाच पेशंटांत जास्त दिसली.

व्हिडिओ कॉलवर माणूस पालथा दिसला तर भांडू नका. पालथं झोपवलं की पाठीकडची फुप्फुसं उघडतात. व्हेंटिलेटरवर दिवसाचे सोळा-सोळा तास तसं ठेवतात.

घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन देणारं विजेवरचं यंत्र) आणलात तर वीज गेल्यावर तो बंद, हे तौक्ते वादळाने मे 2021 मध्ये दाखवलं. भरलेला सिलिंडर शेजारी हवाच. आणि तो उघडायचा पाना सुतळीने सिलिंडरलाच बांधा. अंधारात तोच सापडत नाही.