मल्टिकास्ट क्षणभर चालून बंद पडतो? आरपीएफ तपासा

मल्टिकास्टने (एकाच वेळी अनेकांना) पाठवलेला व्हिडिओ सुरू होतो आणि लगेच गोठतो, युनिकास्ट (एकाकडून एकालाच) पिंग मात्र ठणठणीत. पिम हा राउटरांमधला मल्टिकास्टचा प्रोटोकॉल; त्याच्या स्पार्स मोडमध्ये, म्हणजे मागेल त्यालाच पॅकेट्स देण्याच्या पद्धतीत, असं दिसलं की मी आधी आरपीएफ बघतो, म्हणजे पॅकेट सोर्सकडे जाणाऱ्या वाटेच्याच इंटरफेसवर आलं का ही राउटरची तपासणी.

पहिली पॅकेट्स रॉन्देव्हू पॉइंटवरून (सोर्स आणि रिसीव्हर यांची गाठ घालून देणारा ठरलेला राउटर), म्हणजे सामाईक ट्रीने येतात. मग रिसीव्हरजवळचा राउटर सोर्सकडच्या सर्वांत जवळच्या वाटेवर जायला बघतो. ही वाट तो युनिकास्ट राउटिंग टेबलवरून ठरवतो. इथे नेमकी नवी, जलद लिंक निवडली गेली होती आणि तिच्यावर ओएसपीएफ (युनिकास्ट राउटिंगचा प्रोटोकॉल) होतं, पिम नव्हतं. जॉइन (प्रवाह मागणारा पिम संदेश) पाठवायला पिमचा शेजारी राउटरच नाही. जुन्या लिंकवरून येणारी पॅकेट्स चुकीच्या इंटरफेसवरची ठरून टाकली गेली.

एमरूट (मल्टिकास्ट राउटिंग) टेबलमध्ये त्या सोर्सच्या नोंदीत आरपीएफ शेजारी ०.०.०.० (म्हणजे कुणीच नाही) दिसतो आणि आरपीएफ फेल्ड काउंटर भराभर वाढतो.

लिंकच्या दोन्ही टोकांना पिम स्पार्स मोड लावला. हॅलो (शेजारी ओळखण्याचा पिम संदेश) दर ३० सेकंदांनी जातो, त्यामुळे शेजारी दिसेपर्यंत थोडं थांबा. मग तेवढ्या ग्रुपचीच एमरूट नोंद क्लिअर करा, सगळं टेबल नको. लिंकवर पिम लावता येत नसेल तर स्टॅटिक एमरूटने आरपीएफ जुन्या लिंककडे वळवता येतो, पण टोपोलॉजी बदलली की तो हमखास विसरला जातो.

एकही पॅकेट पोचत नसेल तर सोर्सचा टीटीएल (पॅकेट किती राउटरांपर्यंत जगेल तो आकडा) १ आहे का, तेही बघा.