बरणीत बंगालचा उपसागर

गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या शाळेत बहुतेक लेकरांनी समुद्र पाहिलेला नाही. गोदावरी मात्र रोज दिसते. आम्ही तिला गंगाच म्हणतो. म्हणून किनाऱ्याच्या पाण्याचा धडा मी तिच्यापासूनच सुरू करते. ही गंगा नांदेडवरून तेलंगणात, तिथून आंध्रात आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. तिथं पुढं काय होतं, ते बरणीत दाखवता येतं.

लोणच्याची काचेची मोठी बरणी घ्या. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. समुद्राच्या पाण्यात साधारण एवढेच क्षार असतात. मीठ किराणा दुकानातल्या काट्यावर मोजून आणा, अंदाजानं टाकू नका. हे पाणी अर्ध्या बरणीपर्यंत भरा आणि पूर्ण स्थिर होऊ द्या. दुसऱ्या भांड्यात साध्या पाण्यात निळीचे चार थेंब टाका. ही आपली गंगा. पळी खाऱ्या पाण्याला जेमतेम टेकवून धरा आणि तिच्या पाठीवरून निळं पाणी अगदी बारीक धारेनं सोडा. पहिल्या वर्षी मी घाई केली आणि सगळं पाणी निळं झालं. दहा मिनिटं लागली तरी लागू द्या.

निळं पाणी वरच तरंगतं. गोडं पाणी हलकं, खारं जड. आता एका मुलाला वरून हलकी फुंकर मारायला सांगा. निळा थर हलतो, पण खाली सहज जात नाही. शेजारी दुसऱ्या बरणीत खाली-वर दोन्हीकडं साधंच पाणी घेऊन हेच करा. फरक लगेच कळतो.

इथं थांबा, हेच महत्त्वाचं. उपसागरात नद्यांच्या आणि पावसाच्या पाण्याचा असा थर बसतो. वाऱ्यानं खालचं थंड पाणी सहज वर येत नाही, उन्हाची ऊब वरच राहते. खालची अन्नद्रव्यं वर न आल्यानं सूक्ष्म वनस्पती कमी वाढतात, आणि मासळी त्यांच्यावरच पोसलेली असते. हवामानबदलानं पृष्ठभाग तापला की हे झाकण आणखी घट्ट होतं. वादळ उभं राहायला साधारण २६.५ अंशांचं ऊबदार पाणी लागतं. उपसागरात ते वर्षाचा बराच काळ मिळतं. शिवाय हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं.

मग मी २०२१ चा सप्टेंबर आठवायला सांगते. उपसागरातलं ‘गुलाब’ वादळ २६ तारखेला आंध्रच्या किनाऱ्यावर आलं, विरत विरत मराठवाड्यावर पोचलं. मांजरेला पूर आला, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. तेच अवशेष पुढं अरबी समुद्रात जाऊन ‘शाहीन’ झाले आणि ओमानपर्यंत गेले. हे सांगताना वर्ग गप्प होतो. त्या पाण्यात बऱ्याच जणांची शेतं होती.

वेळ उरला तर सोड्याच्या दोन बाटल्या उघडा, एक थंड आणि एक उन्हात ठेवलेली. तापलेलीतला वायू भसाभसा निघून जातो. कोमट समुद्रात प्राणवायूही असाच कमी विरघळतो.

बरणी खिडकीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी निळा रंग किती खाली उतरला ते पट्टीनं मोजून वहीत लिहायला सांगा. नंतर ते पाणी शाळेच्या बागेत ओतू नका, मिठानं रोपं जळतात.