इंग्लंडमधील जुने शेतघर: दुरुस्तीआधी पाहणी आणि परवानगी

इंग्लंडच्या खेड्यातील चार-पाचशे वर्षांपूर्वीचे शेतघर ज्याच्या ताब्यात येते, त्याने डागडुजीची यादी करण्याआधी ते घर कसे घडत गेले हे समजून घ्यावे. अशा घराचा इतिहास कागदपत्रांत थोडा आणि तुळया, वासे, चूल व गिलाव्यात पुष्कळ असतो. आणि साफसफाईच्या पहिल्याच उत्साहात तो बहुधा कायमचा पुसला जातो.

पाहणीची सुरुवात माळ्यावरून करावी. चांगली विजेरी घेऊन छपराच्या आतली बाजू निरखावी आणि वासे काजळीने काळे पडले आहेत का ते पाहावे. मधल्या भागातील वाशांवर जुनी, घट्ट बसलेली काजळी दिसली, तर त्याखालच्या दालनाला मुळात वरचा मजला नसावा. त्या काळी चूल दालनाच्या मधोमध जमिनीवरच पेटत असे आणि धूर छपरातून वाट काढून बाहेर पडे. विटांचे धुराडे आणि वरचा मजला नंतर आला. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी 1953 मध्ये 1570 ते 1640 हा ग्रामीण इंग्लंडच्या मोठ्या पुनर्बांधणीचा काळ मानला. पुढच्या अभ्यासकांनी हा काळ प्रदेशागणिक मागेपुढे होतो हे दाखवले असले, तरी आपल्या घरात हा बदल कुठे झाला ते शोधण्यासाठी तो आजही उपयोगी पडतो. म्हणून ही काजळी घासून काढू नये, आणि वाळूच्या फवाऱ्याने लाकूड स्वच्छ करून देणाऱ्या कंत्राटदाराला तर घरात पाऊलही ठेवू देऊ नये.

त्याच उजेडात सांध्यांजवळ कोरलेल्या खुणा पाहाव्यात. सुतार लाकडी सांगाडा आधी जमिनीवर जुळवत, प्रत्येक सांध्यावर रोमन अंकांसारख्या रेघा ओढत, मग तो सुटा करून जागेवर उभा करत. हे अंक क्रमाने लागत नसतील, तर एखादा खण पाडला गेला असावा किंवा लाकूड दुसरीकडून आणलेले असावे. ओकचे लाकूड ओले असतानाच वापरत असल्यामुळे वार्षिक वलयांवरून झाड तोडल्याचे वर्ष कळले, की बांधकामाचे वर्षही जवळजवळ कळते. केंटमधील चिडिंगस्टोनजवळचे बेलीफ शेतघर बो बीच जलाशयाच्या कामामुळे उतरवून वेस्ट ससेक्समधील सिंगलटनच्या खुल्या संग्रहालयात पुन्हा उभारले गेले. त्याचे दालन 1405 ते 1430 च्या दरम्यानचे, तर एका टोकाचा खण 1505 ते 1510 च्या सुमाराचा आहे. असे घर विकत घेण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने ते आधी पाहून यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आता कायदा. घर संरक्षित आहे की नाही हे हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या राष्ट्रीय वारसा सूचीत पाहावे. पहिली श्रेणी, तारांकित दुसरी श्रेणी आणि दुसरी श्रेणी असे तीन स्तर असून नव्वद टक्क्यांहून अधिक नोंदी दुसऱ्या श्रेणीत आहेत. 1700 पूर्वीची आणि मूळ स्वरूप बऱ्याच अंशी टिकलेली जवळजवळ सर्व घरे सूचीत घेतली जातात. जुन्या नोंदीतील वर्णन बहुधा चार ओळींचे असते; त्यात जिन्याचा उल्लेख नाही म्हणून जिन्याला संरक्षण नाही, असा अर्थ काढू नये. संरक्षण आतबाहेरच्या संपूर्ण वास्तूला असते, आणि आवारातील 1 जुलै 1948 पूर्वीची कोठारे व भिंतीही सहसा त्यात येतात. वास्तूच्या वैशिष्ट्याला बाधा आणणारा बदल संरक्षित वास्तूंविषयीच्या 1990 च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय करणे हा गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मूळ बांधकाम पूर्ववत करून घेण्याच्या नोटिशीला कालमर्यादा नाही, त्यामुळे आधीच्या मालकाने विनापरवाना केलेल्या कामाची दुरुस्ती नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते. खरेदीपूर्वी वकिलाकडून हे तपासून घ्यावे. या परवानगीच्या अर्जाला शुल्क नसते. अर्ज करण्याआधी स्थानिक नियोजन विभागातील संवर्धन अधिकाऱ्याशी बोलावे, आणि अमुक दुरुस्तीला परवानगी लागत नाही असे ते म्हणाले, तर तेही लेखी घ्यावे.

प्रत्यक्ष दुरुस्तीत खरा शत्रू सिमेंट आहे. लाकडी चौकटींमधील भिंती ओकच्या उभ्या काठ्यांत हेझल या झुडपाच्या लवचीक फांद्या विणून, वर माती, पेंढा आणि शेण लिंपून केलेल्या असतात. कोकणातील कुडाच्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही रचना लगेच ओळखू येईल. चुन्याच्या गिलाव्यातून ओलावा बाहेर जातो. सिमेंट मात्र लाकडापासून केसभर सुटते, त्या फटीतून पाऊस आत शिरतो आणि बाहेर पडू न शकलेले पाणी जोत्यावरच्या आडव्या तुळईत मुरते. अरीचे टोक त्या तुळईत हळूच दाबून पाहावे. ओकचा बाहेरचा मऊ थर गेला असला, तरी आतला गाभा बहुधा टणक असतो, तेव्हा अख्खी तुळई बदलण्याची घाई करू नये. कुजलेला भाग तेवढाच कापून तिथे नव्या ओकचा जोड बसवावा. विल्यम मॉरिस यांनी 1877 मध्ये स्थापन केलेली जुन्या वास्तूंच्या रक्षणाची संस्था नूतनीकरणापेक्षा अशा बेताच्या दुरुस्तीचाच पुरस्कार करत आली आहे. सिमेंट काढताना यंत्र न वापरता छिन्नी-हातोडी वापरावी. चुन्याचे काम एप्रिल ते सप्टेंबरच्या दरम्यान उरकावे आणि नवा गिलावा ओल्या गोणपाटाने झाकून सावकाश वाळू द्यावा. तो कच्चा असताना दंव पडले, तर पापुद्रे सुटतात.

छपराला हात लावण्यापूर्वी वटवाघळांची पाहणी करून घ्यावी, कारण त्यांच्या सर्व जातींना आणि वसतिस्थानांनाही कायद्याचे संरक्षण आहे. कामाआधी, काम चालू असताना आणि नंतर एकाच जागेवरून छायाचित्रे घ्यावीत, मोजमापांसह नकाशे काढून ठेवावेत आणि त्यांची एक प्रत काउंटीच्या ऐतिहासिक नोंद विभागाकडे द्यावी.