मित्रच बॉस असेल तर योग्य पगार कसा मागायचा

अनोळखी बॉसकडे पगारवाढ मागताना फार तर नकाराची भीती असते. बॉसच्या खुर्चीत जुना मित्र किंवा मैत्रीण बसली असेल तर भीती निराळी असते: 'आपल्यात पैसा आणला' असं तर वाटणार नाही ना? त्या धास्तीपोटी माणसं वर्षानुवर्षं गप्प राहतात. भीड भिकेची बहीण म्हणतात ते इथे अगदी शब्दशः खरं ठरतं. बरं, गप्प राहिल्याने मैत्री वाचते म्हणावं तर तसंही नाही. मन आतल्या आत धुमसत राहतं आणि एखाद्या दिवशी भलत्याच कारणावरून भडका उडतो.

अडचण नेमकी कुठे आहे ते आधी पाहू. मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये नात्यांचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एका प्रकारात समोरच्याची गरज पाहून दिलं जातं आणि परतफेडीचा हिशेब कुणी ठेवत नाही. दुसऱ्यात दिल्याच्या बदल्यात काहीतरी मिळणं अपेक्षितच असतं. मैत्री पहिल्या प्रकारात बसते, नोकरी दुसऱ्यात. तुमच्या बाबतीत ही दोन्ही नाती एकाच माणसाशी आहेत. पगाराच्या बोलण्यातल्या बहुतेक चुका एका नात्याची भाषा दुसऱ्यात वापरल्यामुळे होतात. 'तुला माहीतच आहे घरची परिस्थिती' ही मैत्रीची भाषा झाली. तिने सहानुभूती मिळते आणि कधीकधी उसने पैसेही मिळतात, पगार मात्र वाढत नाही.

त्यात तुमच्या मित्राचीही कोंडी असते, ती सहसा लक्षात घेतली जात नाही. त्याला कुणालातरी उत्तर द्यावं लागतं: भागीदाराला, वरिष्ठाला, हिशेब पाहणाऱ्याला, टीममधल्या इतरांना. 'मित्र आहे म्हणून वाढवलं' हा आरोप त्याला नको असतो. या भीतीमुळे काही बॉस मित्राला इतरांपेक्षाही कमी देतात. म्हणून तुमचं खरं काम मित्राचं मन वळवण्याचं नाही. मैत्रीचा उल्लेखही न करता तिसऱ्या माणसापुढे ठेवता येईल असं कारण त्याच्या हातात देणं, हे तुमचं काम आहे.

एका पानाचा कागद

बोलण्याआधी तीनचार आठवडे या कागदासाठी राखून ठेवा. त्यात तीन गोष्टी हव्यात.

पहिली, कामातला फरक. रुजू झालात किंवा मागची वाढ मिळाली तेव्हा काय करत होता आणि आज काय करता, हे शेजारी शेजारी दोन रकान्यांत लिहा. मित्राच्या हाताखाली काम करणाऱ्यांवर नेमून न दिलेली कामं फार साचतात: सुट्टीच्या दिवशी आलेले फोन, नव्या माणसाला शिकवणं, चिडलेल्या ग्राहकाला शांत करणं, 'तूच बघ ना जरा' म्हणून सोपवलेली सगळी उस्तवार. ही कामं कागदावर आली नाहीत तर ती मैत्रीखातर केली असंच धरलं जातं. प्रत्येकापुढे दर आठवड्याला साधारण किती तास जातात तेही लिहा.

दुसरी, परिणाम. तीन पुरेत, पण आकड्यासकट. 'खूप मेहनत घेतली' याला काही वजन नाही. 'तक्रार सुटायला 4 दिवस लागायचे, आता 1 लागतो' याला आहे.

तिसरी, बाजारभाव. नोकरीच्या जाहिरातींमधले पगाराचे आकडे, भरती करणाऱ्या एखाद्या एजन्सीशी बोलणं आणि त्याच कामातल्या बाहेरच्या निदान पाच जणांना विचारणं, अशा तिन्ही बाजूंनी माहिती काढा. 'तुला किती मिळतात?' असं विचारलं की माणसं अवघडतात. 'या कामाला साधारण किती ते किती देतात?' म्हटलं की मोकळेपणाने सांगतात. सगळ्यात मोठा आकडा धरू नका, मधला धरा. आणि तुलना नुसत्या मूळ पगाराची करू नका. बोनस, विमा, रजा, जादा कामाचे पैसे हे सगळं दोन्हीकडे मोजा.

महागाईचा हिशेबही करून ठेवा. तीन वर्षांपूर्वी पगार 100 होता आणि महागाई दरवर्षी 5 टक्के राहिली, तर तेवढीच खरेदी करायला आज जवळपास 116 लागतात. तुम्हाला 108 मिळत असतील तर वाढ मिळूनही खरा पगार सुमारे 7 टक्क्यांनी घटलेला आहे. हा मुद्दा जोडीला ठेवा, मुख्य करू नका. महागाई सगळ्यांनाच लागू असल्याने बॉसला लगेच पूर्ण टीमचा खर्च दिसू लागतो. मुख्य मुद्दा तुमच्या वाढलेल्या कामाचाच असू द्या.

पान लिहून झालं की ते तुमची मैत्री माहीत नसलेल्या माणसाला वाचायला द्या. त्याला मागणी पटली तर कागद तयार आहे.

तीन आकडे

मागायचा आकडा, समाधान होईल तो आकडा आणि ज्याच्या खाली नवी नोकरी शोधायला लागाल तो आकडा, असे तीन आधीच ठरवा. समजा आज 100 मिळतात आणि बाजारात मधला भाव 125 आहे. मग मागणी 128, समाधान 122, किमान 114 अशी मांडणी करता येईल. तिसरा आकडा फक्त तुमच्यापाशी राहू द्या. तो ठरवलेला नसेल तर मित्राचा पडलेला चेहरा पाहून तुम्ही 105 वरही हो म्हणाल.

आकडा आधी तुम्हीच सांगा. अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांचा 1974 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यात लोकांसमोर आकडे लिहिलेलं एक चक्र फिरवलं आणि मग संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के असेल असं विचारलं. चक्र 10 वर थांबलेलं पाहणाऱ्यांचा मधला अंदाज 25 आला, 65 पाहणाऱ्यांचा 45. चक्राचा प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता, तरी आधी दिसलेल्या आकड्याने अंदाज ओढून नेला. पगारात मित्राने आधी '106 करूया' म्हटलं की पुढचं सगळं बोलणं 106 च्या आसपासच घुटमळतं.

वेळ, जागा आणि पहिलं वाक्य

पुढच्या वर्षाचं बजेट ठरण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी बोला. बजेट ठरून गेल्यावर मित्राची कितीही इच्छा असली तरी द्यायला पैसे उरलेले नसतात. जेवणाच्या टेबलावर, सहलीत, वाढदिवसाला किंवा त्याच्या घरी हा विषय काढू नका. तिथे दिलेला शब्द मित्राने दिलेला असतो, आणि सोमवारी ऑफिसात बॉस तो विसरतो. त्यात त्याची लबाडी असेलच असं नाही, पण तोटा तुमचाच होतो.

वेळ मागताना विषय लपवू नका. गाफील गाठलेला मित्र आधी बचावात जातो. एवढा मेसेज पुरे: 'माझ्या पगाराबद्दल बोलायचं आहे. या आठवड्यात ऑफिसमध्ये अर्धा तास देशील का? एक पान आधी पाठवते.'

बसल्यावर मैत्रीचा उल्लेख एकदाच, सुरुवातीला करा आणि तिथेच संपवा: 'हे मी बॉसशी बोलतोय. उत्तर काहीही आलं तरी आपल्या दोघांत फरक पडणार नाही, म्हणून मोकळेपणाने सांग.' मग कागद पुढे करून म्हणा, 'काम या यादीप्रमाणे वाढलं आहे, बाहेर याला साधारण 125 मिळतात. माझा पगार 128 व्हावा असं मला वाटतं.' इथे थांबा. सगळ्यात जास्त नुकसान याच क्षणी होतं. शांतता असह्य होते आणि आपणच बोलून जातो, 'म्हणजे, जमत असेल तर हं, नाहीतर राहू दे.' तो काही बोलेपर्यंत गप्प बसा, मग अर्धं मिनिट गेलं तरी चालेल.

उत्तरं बहुधा ठरलेली असतात. 'बघू या रे' म्हणाला तर तारीख मागा: 'कधीपर्यंत कळेल? 15 तारखेला पुन्हा बसूया?' 'पैसेच नाहीत' हे लहान व्यवसायात अगदी खरं असू शकतं, कारण तिथे पगार मालकाच्या खिशातूनच जातो. मग टप्पे मागा: आता 114, सहा महिन्यांनी 118, पुढच्या वर्षी 125. किंवा कामच कमी करून घ्या: 'मग यादीतली ही दोन कामं दुसऱ्या कुणाकडे देऊया.' पैशांऐवजी व्यवसायात हिस्सा देऊ केला तर किती टक्के, केव्हापासून आणि तुम्ही सोडून गेलात तर त्याचं काय, हे तिन्ही लिहून घेतल्याशिवाय पगारातला एक पैसाही सोडू नका. 'तू पण असं बोलतोस?' हे मात्र सगळ्यात जिव्हारी लागतं. रागावू नका, माफीही मागू नका. 'मनात ठेवून कुढत बसण्यापेक्षा तुला सांगितलेलं बरं, असं वाटलं,' एवढं सांगून कागदाकडे परत या.

एखाद्या सहकाऱ्याचं नाव घेऊन 'त्याला जास्त मिळतं' म्हणू नका, मित्र म्हणून ती माहिती कानावर आली असेल तर नाहीच. दुसरीकडून आलेली ऑफर खरोखर स्वीकारायची तयारी असेल तेव्हाच पुढे ठेवा. मित्राला दिलेली पोकळ धमकी दोन्ही नाती एकदम बिघडवते.

त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, चार ओळींचा मेल करा: ठरलेला आकडा, लागू होण्याची तारीख, टप्पे असतील तर ते, आणि पुन्हा कधी बोलायचं. मेल ऑफिसच्याच पत्त्यावर जाऊ द्या, खासगी चॅटमध्ये नको. आपल्या माणसाकडून लिहून घेणं अवघड वाटतं, पण हाच मेल पुढे पाठवून त्याला वरून मंजुरी मिळवायची असते.

नकार आला तर 'होकारासाठी काय बदलावं लागेल?' हे विचारून दोनतीन मोजता येतील अशा गोष्टी आणि एक तारीख घ्या. त्या पूर्ण करूनही दुसऱ्यांदा टाळाटाळ झाली तर बाहेर नोकरी शोधायला लागा आणि सोडताना ठरलेला नोटीस पिरियड पूर्ण करा.

उत्तर काहीही आलेलं असो, त्याच आठवड्यात मित्राला कामाव्यतिरिक्त एकदा भेटा आणि त्या भेटीत पगाराचा विषय काढू नका. ही भेट टळली की पुढची आणखी अवघड होते.